चांगुणेचा साक्षीदार

"कोळ्यांची आळी आठ दिवसांत पाडा!" राजे चंद्रसेनांचा हुकूम सुटला आणि चांगुणेचा कोयता सुरमईवरच थांबला. राजांना पुळणीवर नवा महाल हवा होता आणि रथाचा रस्ता नेमका आळीतून जाणार होता. शिवाय सुक्या बोंबलांचा वास! राजांच्या ताटात रोज बोंबील लागे, ती गोष्ट वेगळी.

चांगुणा तडक दरबारात गेली. पाटी बाहेर ठेवली, एवढाच काय तो मुलाहिजा.

"महाराज, आमी जायाचं कुठं?"

"जागा तुमची असल्याचा कागद आहे?" प्रधान त्र्यंबकपंतांनी विचारलं.

"कागद भिजतो, पंत. आमी ठेवत नाय."

"मग साक्षीदार आण," राजे म्हणाले. "कोळी नसलेला, तुमचं मीठ न खाल्लेला आणि माझ्या पणजोबांहून वयानं मोठा!" दरबार खो खो हसला.

"आमीच त्याचं मीठ खातो," चांगुणा म्हणाली. "पण तो दरबारात येनार नाय. पुनवेला दुपारी महाराजांनीच पुळणीवर यावं. सिंहासन नव्या महालाच्या जागी मांडा."

"दिला शब्द! साक्षीदार भेटेपर्यंत उठणार नाही," राजे हसत म्हणाले.

पंतांनी महालाची आखणी आदल्याच दिवशी, अष्टमीला केली होती, ती तिनं पाहिली होती. अष्टमी म्हणजे भांगाचा दिवस. भांगाला भरती अर्ध्या पुळणीवरच थांबते, हे कोळ्याचं शेंबडं पोरही सांगेल. पण पंत शेंबड्या पोरांना विचारत नसत.

पुनवेला राजे आखणीच्या, सकाळीच ताज्या केलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघांमध्ये सिंहासनावर बसले. बाजूला पंत छत्री धरून उभे. उधाणाची भरती चढू लागली. आधी फक्की गेली, मग राजांचे जोडे गेले. उठावं तर शब्द जातो, म्हणून राजे बसून राहिले.

"कुठे आहे तुझा साक्षीदार?" पाणी कमरेला लागलं तेव्हा ते ओरडले.

"तुमच्या मांडीवर बसलाय, महाराज."

पाणी सिंहासनामागून आणखी वर गेलं, आळीच्या पहिल्या पायरीला टेकलं आणि तिथंच थांबलं. वर वलांडीच्या बांबूंवर बोंबील कोरडे वाळत होते.

"आमच्या वाडवडलांनी पयला दगड ठेवला तो याला इचारून," चांगुणा म्हणाली. "तुमी पंतांना इचारलंत."

राजे इतके हसले की मुकुट पाण्यात पडला. ओलेत्यानंच त्यांनी आळी कोळ्यांना वंशपरंपरेनं देऊन टाकली, ताम्रपटावर, म्हणजे भिजायला नको.

"आणि महाल, महाराज?" पंतांनी छत्रीखालून विचारलं.

"तो आता ही सांगेल तिथं!"