दसऱ्याला आणलेली रॅम

फार जुनी नाही, गेल्याच दसऱ्याची गोष्ट. मुहूर्त चुकू नये म्हणून तन्वेशने सुटे भाग जोडून बनवायच्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी सगळ्यात आधी स्वस्तातली रॅमची पट्टी आणली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं. मग ती टेबलाच्या खणात एकटीच सोबत्यांची वाट पाहत राहिली.

दिवाळीत सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड आला. पट्टी हरखून पुढे सरसावली, पण जागेवर बसेना. तन्वेशने जोर लावला.

"नको रे दाबू!" मदरबोर्ड कळवळला. "बाई, तुझी खाच एकीकडे, माझा उंचवटा दुसरीकडे. तुला आणण्याआधी मला कुणी विचारलंच नाही."

"मला तरी कुठे विचारलं?" पट्टी म्हणाली.

मग जुळणारी पट्टी आणि बाकीचे भाग आले. खोलीत गेमचा गलका सुरू झाला. बंद खणात पहिल्या पट्टीच्या अंगावरचं कुंकू अजून तसंच होतं.