चिमाईच्या आव्यापाशी

फार फार वर्षांमागची गोष्ट. ऐकायची तर मुकाट ऐका, मध्ये खुसुखुसु नको. हिवरवाडीत तुळाजी नावाचा गडी होता, दारूत पार बुडालेला. त्याची बायको ठकू. तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? उपास केले, नवस बोलली, अंगारा पाजला, एकदा तर लाटण्यानं बडवलासुद्धा. पण पालथ्या घड्यावर पाणी!

मग तुळाजी चिमाई कुंभारणीकडे जायला लागला. ही म्हातारी दारुड्यांना मडकी भाजायच्या आव्यापाशी बसवायची. आवा आपसूक निवल्याशिवाय उघडायचा नाही, हा कुंभारांचा नेम. घाई केली की मडकं तडकतं. ती म्हणायची, "डोळं मीट. श्वास आत आला, भाईर गेला, तेवढं बघ. दारू आठवंल, आठवू दे. उठू नको. ती तलफबी निवंल." असं म्हणतात, तुळाजी बसला की चिमण्या त्याच्या खांद्यावर उतरायच्या.

तुळाजीची दारू सुटली. गाव चिमाईच्या पाया पडला आणि इकडे ठकूच्या अंगाचा तिळपापड झाला. का नाही होणार हो? "हाडाची काडं केली मी, अन् नाव हिचं? प्यायचा तवा निदान मला शिव्या तरी द्यायचा. आता डोळं मिटून गालात हसतो मेला!"

एका दुपारी तिनं पदराखालून मोहाच्या दारूचं मडकं नेलं आणि आव्यापाशी ध्यानाला बसलेल्या नवऱ्यापुढं ठेवलं. पुन्हा प्याला तर पुन्हा माझ्याच हाती येईल, एवढंच तिच्या मनात. दारूचा वास त्याच्या नाकात गेला. तुळाजीला दरदरून घाम फुटला, हात पुढं आला. तेव्हा ठकूच्याच काळजात धस्स झालं.

"नगा हो, धनी!" ती किंचाळली.

तुळाजीनं डोळे उघडले नाहीत. त्याचा हात मडक्यावरून पुढं गेला आणि तिच्या मनगटावर थांबला.

चिमाई रागावली नाही. म्हणाली, "किती भाजलीस गं लेकी! तुला बस म्हनायचं मला सुचलंच न्हाई. चुकलं माझं."

ठकू मटकन बसली आणि पोटभर रडली. असं म्हणतात, तेवढ्यात धगधगता आवा निवला आणि मडक्यातल्या दारूचं पाणी झालं.

आजही हिवरवाडीत कुणी दारू सोडायला आव्यापाशी आला, की त्याला थांबवतात. आधी त्याच्या बायकोला, नाहीतर आईला बसवतात, आणि चिमाईचं नाव घेऊन तिलाच विचारतात, "बाई, तू कशी हाईस?"