ढवळ्याच्या वाटचा गूळ

"महाराज, माझ्या पैशांवर तेल्याच्या घरात रेवड्या खाल्ल्या जातात!"

भिकाशेट सावकार भर दरबारात ओरडला आणि त्याने ठकूकडे बोट दाखवलं.

ठकू ही सखोबा तेल्याची सून. घाण्याचं जुनं लाकूड फुटलं, तेव्हा सखोबाने नवा घाणा आणि ढवळ्या बैल, दोन्ही शेटकडून कर्ज काढून घेतले होते. कर्ज फिटायला अजून तीन वर्षं होती, पण दर महिन्याचा हप्ता बिनबोभाट पोचत होता. फक्त बाजाराच्या दिवशी ठकू पुडाभर रेवड्या आणायची आणि घरातली सगळी माणसं ओट्यावर बसून त्या कुडुमकुडुम खायची. नेमकं तेच शेटच्या डोळ्यांत खुपलं होतं. कर्ज फिटेपर्यंत जिभेचे चोचले बंद, नाहीतर घाणा आणि बैल आपल्या ताब्यात द्या, असं त्याचं मागणं होतं.

आता राजाही काटकसरीचा मोठा भोक्ता. वाड्यातले दिवे तो स्वतः फुंकर मारून विझवत फिरायचा. शिवाय एकदा त्याचं मत बनलं की ते हलवणं कुणाच्या बापाला जमत नसे.

"रेवड्या खाल्ल्या की नाही?" त्याने ठकूला विचारलं.

"खाल्ल्या, महाराज. हप्ताबी दिला. दोन्ही खरं हाय."

"तोच पैसा कर्जात घातला असता तर ते लवकर फिटलं असतं."

"न्हाई, महाराज. रेवडी हाय म्हणून तर फिटतंय."

दरबार हसला. राजा हसला नाही. "असं? मग रेवडीने कर्ज फिटतं, हे सिद्ध करून दाखव. उद्या संध्याकाळपर्यंत. नाही जमलं, तर घाणा आणि बैल शेटचे."

घाणा गेला की घरातली चूल थंड, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ठकूने पदर खोचला.

"मग उद्या दिवसभर आमचा घाणा शेटजींनीच चालवावा, महाराज. बैल आमचा, तीळ आमचे. आमच्यापरीस जास्त तेल काढलं, तर घाणा खुशाल घिऊन जावा. फकस्त त्यांच्या रीतीनं चालवायचा. चोचले बंद."

तेल्याच्या तिळांचं फुकट तेल म्हटल्यावर शेटच्या तोंडाला पाणी सुटलं. "कबूल, कबूल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेट हजर. ठकूने घाण्यात एका घाणीचे, म्हणजे एका खेपेचे तीळ ओतले, ढवळ्याच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि गुळाचा एक खडा शेटच्या हातावर ठेवला.

"एक घाणी उतरली की ह्यो ढवळ्याच्या तोंडात घालायचा, शेटजी. सवय हाय त्याची."

"बैलाला गूळ? कर्जात बुडालेल्या घरात?" शेटने खडा झटकन उपरण्यात बांधून घेतला. "हा बघ, वाचवला. असं वाचवायचं असतं."

ठकू घाण्यापासून बाजूला झाली. ओट्यावर भाजी निवडत बसली.

पहिली घाणी झकास उतरली. बुधल्यात तेलाची धार पडू लागली आणि शेट मिशीवर ताव देऊ लागला. सखोबाने डोक्याला हात लावला. "सूनबाई, काय करून बसलीस?"

"जरा थांबा, मामंजी."

शेटने पेंड काढली, नवे तीळ भरले. झापड बांधलेल्या ढवळ्याने सवयीने मान वळवली आणि तोंड उघडलं. तोंडात काही आलं नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग चारही पाय रोवून तो उभा राहिला.

शेटने चुचकारलं, शेपटी पिरगाळली, "बाबा, चल की" म्हणून गळ घातली. ढवळ्या खाली बसला आणि रवंथ करू लागला.

शेवटी शेटने दांड्याला स्वतःचा खांदा लावला. सावकार घाणा ओढतोय म्हटल्यावर सगळी आळी कुंपणापाशी जमली. "झापड बांधू का, शेट?" कुणीतरी आपुलकीने विचारलं. उन्हं डोक्यावर येईतो शेटला भोवळ यायची वेळ आली. तो घाण्याआड पाठ करून बसला आणि बराच वेळ काहीतरी चघळत राहिला. ओट्यावरून ठकूने ते पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं.

संध्याकाळी राजा आला. त्याने बुधल्यात डोकावून पाहिलं. "एवढंच? एका घाणीचं?"

"महाराज, बैल आळशी आहे," शेट कण्हत म्हणाला.

ठकू पुढे झाली. "महाराज, ढवळ्याच्या वाटचा गुळाचा खडा शेटजींनी वाचवलाय. तेवढा आम्हाला माघारी द्यायला सांगा."

"द्या, शेट."

शेटचा हात उपरण्याकडे गेला आणि तिथेच राहिला. राजा वाकून जवळून पाहू लागला. "मिशीला माशा का बसल्यात तुमच्या?"

"महाराज, जीव अगदी कासावीस झाला हो," शेट पुटपुटला. "एवढासा खडा. खाल्ला, तेव्हा कुठे पुन्हा उभा राहिलो."

ठकूने हात जोडले. "महाराज, शेटजींना एकच दिस घाणा ओढायचा हुता, तरी दुपारी गूळ लागला. आम्हाला तीन वरसं ओढायचाय."

राजा जो हसत सुटला, तो डोळे पुसतच थांबला.

"घाणा तेल्याचा, बैलही तेल्याचा. आणि शेट, कर्ज फिटेपर्यंत दर बाजाराला रेवड्यांचा पुडा या घरी तुम्ही पोचवायचा."

"तीन वर्षं, महाराज?"

"हो. बैलाचा गूळ वेगळा." राजाने ठकूपुढे हात पसरला. "आता एक रेवडी मला दे, पोरी. दरबारात अजून पुष्कळ काम पडलंय."