हैबतीच्या दोरीला कुणाची गाठ?

फार वर्षांमागची गोष्ट. डोंगरांच्या खळग्यात एक खोल तळं होतं आणि त्याच्या काठी मासे धरून पोट भरणाऱ्यांची पंधरा-वीस घरं होती. त्या वस्तीत लिंबाजी नावाचा एक माणूस राहायचा. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणायचे, आणि लिंबाजीला ते ऐकायला फार आवडायचं.

त्याच्या शेजारी हैबती राहायचा. वयाने लहान, बोलायला कमी. लिंबाजीला तो 'दादा' म्हणायचा आणि त्याच्या बायकोला, राहीला, 'वहिनी'.

एका वर्षी थंडी अशी पडली की सकाळी काठावरच्या गवतावर दहिवर गोठून पांढरं दिसायचं. अशा गारठ्यात रोहू मासा सुस्तावतो. एरवी पाणी ढवळत हिंडणारा तो खोल जाऊन निपचित राहतो. तोंडासमोर घास आला तर खातो. हातभर वर असला तर मानही वळवत नाही. म्हणून गळ किती खोल सोडायचा, यावरच सगळं अवलंबून. दोरीवर भेंडाचा हलका तुकडा बांधलेला असायचा. तो पाण्यावर तरंगायचा आणि त्याच्याखाली जेवढी दोरी, तेवढा खोल गळ.

लिंबाजीची दोरी वर्षानुवर्षं चार हातांची. ती त्याने थंडीतही बदलली नाही. दिवसच्या दिवस तो बसून राहायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. हैबती मात्र रोज दोन रोहू आणायचा.

एके दिवशी तो म्हणाला, "दादा, मासा तळाला बसलाय. नऊ हात सोडून बघा."

"तू मला शिकवणार?" लिंबाजी म्हणाला. "तू रांगत होतास तेव्हापासून मी या तळ्यात गळ टाकतोय."

संध्याकाळी हैबतीने आपल्या दोनांतला एक मासा राहीच्या हाती दिला.

राहीने तो चिंच घालून शिजवला. लिंबाजीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"खारट झालंय."

राहीने चव पाहिली. मीठ अगदी बरोबर होतं.

त्या दिवसापासून लिंबाजीचं आपल्या गळाकडे लक्षच राहिना. तो हैबतीच्या भेंडाकडे बघत बसायचा. हैबतीची टोपली जड दिसली की वाटायचं, हे मासे आपलेच होते, यानं पळवले. त्यातच हैबतीला मुलगी झाली. सारी वस्ती बाळ बघायला गेली. लिंबाजी गेला नाही.

पुढे चार दिवस लख्ख ऊन पडलं आणि वारा अगदी थांबला. चौथ्या दिवशी दुपारी हैबतीने दोरी गुंडाळून खडकावर ठेवली आणि तो बाळाला बघायला घरी गेला. काठावर कुणी नव्हतं. लिंबाजी उठला. त्याने हैबतीचं भेंड सोडलं आणि चार हात खाली सरकवून पक्कं बांधलं. आता नऊ हातांचा गळ पाचच हातांवर लोंबणार होता.

'बस आता माशा मारत,' तो मनात म्हणाला आणि आपल्या जागी येऊन बसला.

हैबती परत आला. त्याने गळाला पेंडीचा गोळा लावला आणि घाईघाईत दोरी फेकली. त्याचं भेंडाकडे लक्ष गेलं नाही.

आता गंमत अशी, की चार दिवसांच्या उन्हाने तळ्याचं वरचं पाणी कोमट झालं होतं आणि मासे ऊब घ्यायला वर सरकले होते. बरोबर पाच हातांवर. हे हैबतीलाही कळलं नव्हतं, मग लिंबाजीला कुठून कळणार?

भेंड खसकन बुडालं. हैबती ओढता ओढता गुडघाभर पाण्यात गेला. बाहेर आला तो मांडीएवढा जाड रोहू. तसा मासा त्या तळ्यात कुणी पाहिला नव्हता. आरडाओरडा ऐकून सगळी वस्ती धावली, वस्तीचा नाईकही आला.

हैबतीने दोरी निरखून पाहिली. "नाईक, ही गाठ माझी नाही. मी तर नऊ हातांवर बांधली होती. कुणीतरी भेंड खाली घेतलंय, म्हणून हा मासा लागला. ज्यानं घेतलं त्याला पाणी माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोण तो?"

गप्प राहिलं तर कौतुक पुन्हा हैबतीचंच होणार. ते लिंबाजीला बघवेना.

"मी बांधली," तो म्हणाला.

"तुम्ही, दादा?"

"ऊन बघूनच ओळखलं मी. तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

नाईकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आपली दोरी सोडून शेजाऱ्याची नीट करणारा माणूस मी आज पाहिला! उद्यापासून लिंबाजी सांगेल तेवढीच दोरी सगळ्यांनी सोडायची."

सगळे खूश झाले, मासा वाटून घेतला. राही तेवढी नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरून गार वारा सुटला आणि आभाळ झाकोळलं. माणसं काठावर जमली.

"बोल लिंबाजी, किती हात?"

"पाच," लिंबाजी म्हणाला. कालच्या माशाचा तेवढाच आकडा त्याला ठाऊक होता.

ऊब गेली तसे मासे पुन्हा तळाला गेले होते. त्या दिवशी कुणालाच काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा कुरकुरला, "जरा खोल सोडू का रे?"

"धीर नाही तुम्हाला!" लिंबाजी ओरडला. नाईकाने म्हाताऱ्याला गप्प केलं.

त्या संध्याकाळी राही हैबतीच्या घरून आली ती तशीच दारात उभी राहिली.

"बाळंतिणीच्या पोटात तीन दिवस नुसती आंबील आहे. दूध आटलंय. पोर रडून रडून निळी पडते. मी हैबतीला म्हटलं, तू आपला तळाला गळ सोड ना. तर म्हणतो, वहिनी, दादांनी माझं भलं केलं, त्यांचा शब्द कसा मोडू?"

लिंबाजी दोरी गुंडाळत राहिला.

"एक विचारू?" राही म्हणाली. "ती गाठ तुम्ही कशासाठी बांधली होती?"

उत्तराची वाट न बघता ती चुलीकडे गेली. शेजारून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. बारीक, थकलेलं. लिंबाजीने कानावर घोंगडी ओढली, तरी ते ऐकू येतच राहिलं.

सकाळी सगळे काठावर जमले. "किती हात?" नाईकाने विचारलं.

लिंबाजीने हात जोडले. "मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. हैबतीला मासा लागू नये म्हणून मी भेंड सरकवलं. त्याचं भलं झालं ते चुकून. त्याचे मासे मला बघवत नव्हते. हैबती, माझं ऐकू नकोस. तुझा तू खोल सोड."

कुणी थुंकलं, कुणी शिवी हासडली.

"दादा, दोरीचं काही नाही," हैबती म्हणाला. "पण तीन दिवस माझी लेक रडली. ते तुम्ही ऐकत होतात."

मग त्याने पाठ फिरवली. दोरीच्या टोकाला दगड बांधून तळ शोधला. तळापासून एक वीत वर गळ ठेवला, वाट पाहिली, आणखी एक वीत वर घेतला, पुन्हा वाट पाहिली. दुपारपर्यंत त्याला रोहू लागला. मासा घेऊन तो धावत घरी गेला. त्याचं बघून बाकीच्यांनीही दोऱ्या वाढवल्या आणि संध्याकाळी घराघरांतून रश्शाचा वास आला.

लिंबाजीशी त्या दिवशी कुणी बोललं नाही. पुढचे आठ दिवसही नाही. नवव्या दिवशी तो हैबतीजवळ जाऊन उभा राहिला.

"मला शिकवशील का?" त्याने विचारलं. हा प्रश्न विचारणं त्याला फार जड गेलं.

हैबतीने त्याच्या हातात दगड दिला.

"आधी तळ शोधा. रोज शोधायचा. कालचं माप आज चालत नाही."

त्या दिवशी लिंबाजीला एक मध्यम आकाराचा रोहू लागला. तो इतक्या मोठ्याने हसला की काठावरची माणसं वळून बघू लागली. काही जण त्याच्याबरोबर हसले. नाईक हसला नाही. पण जाता जाता लिंबाजीपाशी थांबून त्याने विचारलं, "किती हातांवर?"

"आज साडेसात," लिंबाजी म्हणाला. "उद्याचं हैबतीला विचारा."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: मत्सरापोटी केलेल्या कामातून चुकून कुणाचं भलं झालं, तर त्याचं श्रेय घेऊ नये. जे आपल्याला कळलेलंच नाही त्यावर लोक विसंबतात, आणि उपास त्यांच्या लेकरांना घडतो.