ठकूबाईचा हात

कुसळवाडीत पहिल्यांदा येणारा पाहुणा वेशीतच थबकतो. प्रत्येक अंगणात, अगदी दारासमोर, एक भला मोठा रांजण पालथा घातलेला. इतर गावांत दारात भांडं पालथं दिसलं तर लोक हळूच विचारतात, घरात कोण गेलं? इथे मात्र रांजण पालथा दिसला नाही तर शेजारीण चौकशीला येते. घरटी दोन रांजण. एक आत भरलेला, दुसरा घासूनपुसून उन्हात टाकलेला, आणि दर तिसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल. ही रीत कशी पडली ते सांगायला हरकत नाही, पण आत्ताच जेवून आला असाल तर अंमळ दमाने घ्या. गोष्ट शिसारी आणणारी आहे आणि ती तशीच सांगायची असते.

फार पूर्वी, असे सांगतात, या माळावर लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. कोसभरावरचा झरा आटला आणि निम्मं गाव पाण्यावाचून तडफडून गेलं. उरलेल्यांनी मरीआईपुढे शपथ घेतली, की कुसळवाडीत रांजण पुन्हा कधी रिता राहणार नाही. शपथेत वावगं काही नव्हतं. पण शहाण्यांनी तिचा अर्थ असा लावला, की रांजण कधी रिता करायचाच नाही. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. पाऊस परतून झरा वाहता झाल्यावर रोज त्याचं पाणी आणून वरून ओतायचं, आणि पिण्यासाठी करवंटीच्या डवल्याने अलगद वरवरचं काढायचं, तळ ढवळू द्यायचा नाही. अशी चाळीस वर्षं गेली म्हणे. घरं शेणाने सारवलेली, चुली पोतेरा फिरवलेल्या, आणि ज्यातून पोटात पाणी जायचं त्याचा तळ इतक्या वर्षांत कुणी पाहिलेला नव्हता. वर त्याचाच तोरा.

सगळ्यांत जास्त तोरा ठकूबाईला. तिचा रांजण गावात मोठा, आणि त्याच्या गळ्याखाली पाणी कधी उतरलं नाही असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तिचा मुलगा रखमाजी, आणि सून हौसा. हौसा नदीकाठच्या गावची. लग्न होऊन आली त्या दिवशीच तिने डवला तोंडाजवळ नेऊन नाक आक्रसलं, आणि ते ठकूबाईने पाहिलं. नदीकाठची नखरेल म्हणून तिचं नाव पडलं ते तेव्हापासून. पुढे हौसाला दोन मुलगे झाले. दोघेही अंगावरचं सोडून वरचं पाणी प्यायला लागले तसे हगवण लागून आठवडाभरात गेले. गाव म्हणालं, नजर लागली. ठकूबाईने मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला, आणि तो अंगारा रांजणातल्याच पाण्यात कालवून पोरांना पाजला.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. ती सात महिन्यांची होऊन पाणी मागायला लागली तशी हौसा तिच्यापुरती एक कळशी झऱ्यावरून वेगळी आणू लागली. ठकूबाईच्या हे लक्षात आलं. बाहेरचं पाणी रांजणात न ओतता परस्पर पाजायचं म्हणजे शपथ मोडणं, असं म्हणून तिने कळशी उचलून रांजणात रिकामी केली आणि सून सरपणाला गेली असताना नातीला स्वतःच्या हाताने डवलाभर पाणी पाजलं. तिचा जीव नव्हता नातीवर असं नाही. तिला ते औषधच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला हगवण लागली.

हौसा रडली नाही, भांडलीही नाही असे सांगतात. मलूल पोर खांद्यावर टाकून ती रांजणापाशी येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एकडाव तळाला हात घाला," ती म्हणाली. "तुमचाच हात. खाली काय हाय ते तुमीच सांगा. चांगलं असंल तर म्या पाजते हिला, माझ्या हातानं."

ठकूबाईला हा आपला विजयच वाटला. तिने बांगड्या वर सारल्या, रांजणाशेजारी आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. दंड बुडेपर्यंत पाणी पाण्यासारखं होतं. मग बोटं कशात तरी रुतली. मऊ, दाट, आंबलेल्या पेजेसारखं काहीतरी. मूठ भरली तर बोटांच्या फटींतून निसटायला लागलं. हात वर आला तो कोपरापर्यंत काळपट हिरव्या बुळबुळीत थराने माखलेला. त्यात केसांचा गुंता होता, पालीची नाजूक हाडं होती आणि लाल बारीक किडे वळवळत होते. घाण अशी सुटली की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. ठकूबाई त्या हाताकडे बघत राहिली. याच हाताने तिने दोन्ही नातवांच्या ओठांना डवला लावला होता. तिथल्या तिथे, सारवलेल्या जमिनीवर, तिला भडभडून ओकारी आली.

हौसा थांबली नाही. पोरीला घेऊन ती झऱ्यावर गेली आणि तिथून तशीच माहेरच्या वाटेला लागली.

ठकूबाईने हात धुतला नाही. तशीच ती चावडीवर गेली. पाटलाचं नाव गंगाजी. चार माणसं घेऊन तो बसला होता. रांजण उपसायचे म्हटल्यावर त्याने शपथेची आठवण करून दिली. ती म्हणाली, "मग हुंगा," आणि हात त्याच्या नाकाशी धरला. पाटील मागे सरकला, ती पुढे सरकली. शेवटी तो चावडीच्या भिंतीआड पळाला आणि सकाळची सगळी न्याहारी बाहेर टाकून परत आला. त्यानंतर शपथेचं नाव त्याने काढलं नाही. दुपारपर्यंत घरोघर बायकांनी हात घातले आणि घरोघर तेच निघालं. रांजण खणून उलटे केले तेव्हा गल्लीतून जो काळा लगदा वाहिला त्याला गावातली कुत्रीसुद्धा शिवली नाहीत. गावात थेंबभर पाणी उरलं नाही म्हणून म्हातारे भिऊन रडले. बाकीच्यांनी घागरी उचलल्या आणि झरा गाठला.

पोर जगली की गेली, हे ठकूबाईला दीड महिना कळलं नाही. रखमाजी बायकोकडे गेला तो तिकडेच राहिला. ठकूबाई रोज हात घासायची, राखेने, चिंचेने, रिठ्याने. शेजारणी म्हणायच्या, आता कसलाही वास येत नाही. तिला यायचा. ती डाव्या हाताने जेवायची. कुंभाराकडून तिने दोन नवे रांजण आणले आणि एक भरला असेल तेव्हा दुसरा उन्हात घालायला सुरुवात केली, ते बघून बाकीच्यांनीही.

मग एका सकाळी हौसा नवऱ्याबरोबर दारात येऊन उभी राहिली. पोर कडेवर होती, अंगाने भरलेली. हौसा उंबऱ्याबाहेरच थांबली. ठकूबाईने बांगड्या वर सारल्या, भरल्या रांजणात खांद्यापर्यंत हात घातला, तळ चांगला पुसून काढला आणि ओला हात सुनेपुढे धरला.

"हुंग बाई," ती म्हणाली. "पटलं तरच आत ये."

हौसाने तळवा हुंगला, बोटांच्या बेचक्या हुंगल्या, नखांखालचं पाहिलं, कोपरापर्यंत गेली. घाई केली नाही. तेवढ्यात कडेवरच्या पोरीने आजीचं ओलं बोट पकडलं आणि तोंडात घातलं. ठकूबाई दचकून हात मागे घेऊ लागली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," हौसा म्हणाली.

आजही कुसळवाडीत नवी सून दारात आली की माप ओलांडणं मागाहून होतं. आधी सासू सगळ्या वऱ्हाडासमोर रांजणात खांद्यापर्यंत हात घालते आणि ओला हात पुढे करते. सून किती वेळ हुंगते ते तिच्या मर्जीवर. वाजंत्रीवाले खोळंबतात, जेवणं खोळंबतात, पण तिला घाई कुणी करत नाही. एकदा एका सुनेने हात हुंगला आणि आल्या पावली माहेरी परत फिरली, असे सांगतात. तिला थांबवायला गावातली एकही बाई पुढे झाली नाही.