सातशे बावीस पायऱ्यांचा दोरा

शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, माघ मास, शिशिर ऋतू. वद्य दशमीच्या सकाळी उंचगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या नागू कोष्ट्याचा पाय भोपळ्याएवढा सुजला. टाचेत मोडलेला बाभळीचा काटा आत पिकला होता, अंगात ताप फणफणत होता. कोष्ट्याचा माग पायांवर चालतो. पाय गेला म्हणजे मागही गेला, हे त्याची मुलगी गोजरा पुरते जाणून होती.

राज्यात औषधशाळा होती आणि औषध फुकट होते. मात्र ती शाळा गडाच्या माथ्यावर, सातशे बावीस पायऱ्या चढून गेल्यावर! दारावर महाराज प्रचंडसेन ह्यांची आज्ञा कोरलेली होती: 'जो चढून आला तो धडधाकट, त्यास औषध नाही. जो आला नाही त्याने मागितले नाही. त्यासही औषध नाही.'

रोग्याला खाटेवर घालून न्यावे, तर पायथ्याच्या जकातीच्या चौकीवर त्याची नोंद मालात होई. मागल्या वर्षी एक गृहस्थ असेच तीन दिवस राजकोठारात गुळाच्या ढेपांशेजारी पडून होते. मुंग्यांनी उठवले, तेव्हा सुटले!

गोजरा एकटीच गड चढली आणि थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाबांना औषध हवे."

"बारा वर्षांत आमच्या औषधशाळेतून एक गोळी बाहेर गेलेली नाही!" महाराज अभिमानाने म्हणाले. "इतकी निरोगी प्रजा दुसऱ्या कोणाची आहे, सांग!"

"दुसऱ्या कोणाची औषधशाळा इतक्या उंचावर नाही, महाराज. वैद्यराजांनी खाली येऊन पाय पाहावा."

राजवैद्य विश्वंभरशास्त्री ह्यांनी शालजोडी सावरली. "राजवैद्याने गड उतरू नये असा दंडक आहे, मुली. आणि नाडी पाहिल्यावाचून आम्ही औषध देत नाही."

"ऐकलेस?" महाराज मिशीवर ताव देत म्हणाले. "रोगी वर येणार नाही, वैद्य खाली जाणार नाही, तरीही वैद्याने नाडी पाहिली पाहिजे! परवा दुपारपर्यंत हे करून दाखव; मागशील ते देऊ. न जमल्यास वर्षभर ह्या साऱ्या पायऱ्या रोज झाडायच्या!"

तोच पडद्याआड राणीसाहेबांना खोकल्याची उबळ आली. गोजराचे लक्ष तिकडे गेले. नागू कोष्टी दरमहा राणीवशात दोन हात रेशमी दोरा पोचवीत असे, आणि तो कशासाठी हे तिला चांगले ठाऊक होते. परपुरुषाने राणीच्या मनगटाला हात लावायचा नाही, अशी तेथली रीत. राणीसाहेब दोऱ्याचे एक टोक मनगटाला बांधीत आणि वैद्यराज पडद्याबाहेर दुसरे टोक धरून नाडी सांगत.

"करून दाखवते, महाराज," ती म्हणाली.

द्वादशीस दुपारी गोजरा भलेमोठे रीळ घेऊन दरबारात आली. मुजऱ्यासाठी ती सिंहासनापुढे वाकली, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग दोरा उलगडत ती खिडकीपाशी गेली, तो बाहेरच्या तटाला वळसा घालून आत आणला आणि रिळापासून तोडून टोक वैद्यराजांच्या हाती दिले.

"पाहावी नाडी!"

"हा काय पोरखेळ?"

"पडद्यातून नाडी येते, मग तटावरून का येऊ नये? की राणीसाहेबांचीही येत नव्हती?"

महाराजांची भुवई वर चढली. वैद्यराजांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने डोळे मिटले, दोऱ्यावर तीन बोटे ठेवली आणि गंभीर स्वरात सांगू लागले, "हं... अंग लाकडासारखे ताठ झाले आहे. रोगी जागचा हलत नाही. वरून भार फार पडतो. पोटात वायू! सात दिवस एरंडेल द्यावे."

"महाराज, जरा उठता का?" गोजरा नम्रपणे म्हणाली. "आपल्या सिंहासनाला एरंडेल पाजायचे आहे!"

महाराजांनी वाकून पाहिले. दोऱ्याचे दुसरे टोक सिंहासनाच्या पायाला, चांगली निरगाठ मारून, बांधलेले होते!

"म्हणजे बारा वर्षे राणीसाहेबांची नाडी..." महाराज गरजले.

"तरीच!" पडदा सरकला आणि काकणांनी भरलेला एक हात बाहेर आला. "बारा वर्षे खोकते आहे मी आणि बारा वर्षे एरंडेल पिते आहे! पुरे झाला तो दोरा. मनगटावर बोटे ठेवा!"

"वैद्यराज," गोजरा म्हणाली, "गडाच्या पायथ्यापर्यंत पोचेल इतका दोरा रिळावर शिल्लक आहे. बाबांची नाडीही दोऱ्यानेच सांगता, की पायऱ्या उतरता?"

"उतरतो! आत्ता उतरतो!" शालजोडी तेथेच टाकून वैद्यराज धावत सुटले.

"अहो, दंडक!" महाराज ओरडले.

"तो राजवैद्याला आहे, महाराज. शालजोडी येथेच राहिली. गेले ते नुसते वैद्य."

महाराजांनी हसू दाबायचा बराच प्रयत्न केला, पण ते मिशीतून निसटलेच. "बरे, माग काय मागतेस ते."

"औषधशाळा पहिल्या पायरीच्याही खाली आणावी. जकातीची चौकी चांगली ऐसपैस आहे."

"वा! आणि गडावर आम्हीच आजारी पडलो तर?"

"आपल्याजवळ उतरायला पालखी आहे, महाराज. आमच्याजवळ चढायला नव्हती."

महाराज इतके मोठ्याने हसले की मुकुट ओघळून कानावर आला. त्यांनी तीच शालजोडी उचलून गोजराच्या खांद्यावर घातली आणि चौकी रिकामी करण्याचा हुकूम दिला. तिन्हीसांजेच्या आत वैद्यांनी नागूच्या टाचेतला काटा काढला, स्वतःचे थरथरणारे गुडघे चोळत पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि पुन्हा गड चढण्यास साफ नकार दिला. तो दिवस माघ वद्य द्वादशीचा.