पलीकडची होडी

“मग रिकामी यंत्रं चालू ठेवायची ती कुणासाठी, बुवा?”

शर्विलनं धोंडूबुवांना विचारलं.

शर्विल लहानपणी या बेटावरच्या मठात त्यांच्यापाशी शिकला होता. आता तो एका कंपनीचा क्लाउड विभाग सांभाळत होता. दवाखाने, बँका आपली सगळी माहिती त्याच्या यंत्रांवर ठेवत.

“मुख्य केंद्र बंद पडलंच, तर काम उचलायला दुसऱ्या शहरात राखीव केंद्र आहे. आजवर त्याची गरज पडली नाही. ते बंद केलं की कामकाजातला नफा गेल्या वर्षाहून दुपटीनं वाढेल. उद्या संचालकांपुढे हेच मांडतोय. आशीर्वाद द्या.”

बुवा उठले. धोतराचा काचा मारला आणि काठाकडे निघाले.

“कुठं निघालात?”

“होडी पोचवायला. तू आलास ती.”

मठाच्या होड्या दोनच. एक बेटावर, एक पलीकडच्या काठाला. तिकडून कुणी आलं, की मठातलं माणूस दोन्ही होड्या घेऊन लगेच पलीकडे जाई, एक तिथं बांधून परते.

“राहू द्या ना. संध्याकाळी मी तिनंच जाईन.”

“तोवर?”

“तोवर कोण येणार आहे?”

“बहुतेक कुणीच नाही.” बुवा दोर सोडू लागले.

“या उन्हात रिकामी होडी ओढत न्यायची? माझ्याकडे असता तर केव्हाच घरी बसवलं असतं तुम्हाला.”

“बरं झालं. इथं पगारच नाही.”

शर्विलनं हसून वल्हं हाती घेतलं. रिकामी होडी मागून येत राहिली.

पलीकडे चिटपाखरू नव्हतं. बुवांनी होडी बांधली, तळाचं पाणी उपसलं, वल्हं हाताशी येईल असं ठेवलं.

“सकाळी हाका किती माराव्या लागल्या रे तुला?”

“हाका कशाला? होडी होतीच की...”

तो थांबला.

...

परतताना बेट जवळ येईपर्यंत तो वल्हवत राहिला. मग हळूच म्हणाला, “केंद्र राहू देतो. उद्याचं सगळं नव्यानं मांडावं लागेल.”

“मांड.”

“पण बुवा, नफा वाढायला तर हवाच ना?”

“हवाच की,” बुवा म्हणाले. “नाहीतर तिसरी होडी कशी होणार?”